भिंतीवरची जलरेषा

इतिहासाचे साधन म्हटले की वाङ्मयाच्या अभ्यासकांना पोथी, ताम्रपट, शिलालेख आठवतात. लिपीच नसलेल्या काळासाठी खापरे. भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटाच्या पूर्व भागात, जेनोव्हेसा गुहेत, या खापरांच्या साक्षीला पाण्याने हरकत घेतली आहे. ती ग्राह्य धरावी असे आम्हांस वाटते.

सन २००० मध्ये या गुहेतील तळ्यात चुनखडकाच्या मोठमोठ्या शिळांचा, सुमारे साडेसात मीटर लांबीचा पूल बुडालेला आढळला. माणसांनीच रचलेला. बेटावर मनुष्य सुमारे ४,४०० वर्षांपूर्वी आला अशी समजूत रूढ असल्याने पूल त्यानंतरचा, कदाचित साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा, मानणे ओघाने आलेच.

मात्र पुलाच्या माथ्याजवळ फिकट रंगाचा एक पट्टा आहे. किनाऱ्यालगतच्या अशा गुहांतील पाणी समुद्राशी जोडलेले असते. समुद्राची पातळी तीच तळ्याची, आणि लाटा मात्र आत पोहोचत नाहीत. पातळी काही शतके स्थिर राहिली, की नेमक्या त्या उंचीवर लवणस्तंभांभोवती कॅल्साइटचा फुगवटा धरतो. पाण्यात युरेनियम विरघळते, थोरियम जवळजवळ नाही. म्हणून कॅल्साइटात पुढे साठलेल्या थोरियमवरून त्याचे वय काढता येते. (याच बेटावरील आर्ता गुहांत आजच्या समुद्राहून २२ मीटरहून अधिक उंचीवर असा थर आहे. तो सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीचा! त्याच्या वयासाठी थोरियम अपुरे पडते, शिसे मोजावे लागते.)

जेनोव्हेसात हे फुगवटे आणि पुलावरचा पट्टा एकाच पातळीवर, आजच्या समुद्राखाली १.१ मीटरवर आहेत. पाणी तेथे सुमारे ६,००० ते ५,४०० वर्षांपूर्वी थांबलेले होते. २०२४ मध्ये बोग्दान ओनाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून पुलाची बांधणी ६,००० ते ५,६०० वर्षांपूर्वीच्या दरम्यान ठरवली. तिथी असलेल्या ग्रंथात एखादे वचन उद्धृत झालेले दिसले की मूळ ग्रंथाची उत्तरमर्यादा आपण निश्चित करतो. हा युक्तिवाद त्याच जातीचा आहे. पट्टा उमटण्यापूर्वी पूल उभा असलाच पाहिजे. खापरे मात्र गुहेतील वावराची साक्ष देतात, बांधणीची नव्हे. जुन्या पोथीच्या समासात कोणी नंतर टीप लिहावी, तसे त्यांचे आहे.

इतकी जुनी वस्ती असेल तर तिच्या चुली, तिची हाडे कोठे आहेत, हा आक्षेप उरतोच, आणि तो पोकळ नाही. पण समुद्र त्यानंतर मीटरभर चढला आहे. त्या माणसांचा किनारा आज पाण्याखाली आहे, आणि तेथे लाटांनी काही शिल्लक ठेवले असेल अशी अपेक्षा धरणे कठीण. पूल टिकला तो गुहेतील संथ पाण्यामुळे.