वृद्धांचें एक आनंदी नगर

उतारवयांत मनुष्यानें काय करावें, या प्रश्नास आमच्या शास्त्रकारांनीं वानप्रस्थाश्रम हें उत्तर देऊन ठेविलें आहे. अमेरिकेंतील एका कंत्राटदारानें १९६० सालीं जें उत्तर दिलें, तें वृद्धांस अरण्याकडे न नेतां गोल्फच्या मैदानाकडे नेणारें होतें. तें तेथील पुष्कळांस पटलें, म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

ॲरिझोना राज्यांत, फिनिक्स शहराच्या वायव्येस, कापसाच्या शेतांच्या जागीं डेल वेब यानें सन सिटी वसविली. हा गृहस्थ मूळचा सुतार, पुढें यँकीज या बेसबॉल संघाच्या मालकांपैकीं एक झालेला. वृद्धांसाठीं निराळें गांव ही कल्पना मात्र त्याची नव्हे. शेजारचें यंगटाऊन बेन श्लायफर यानें १९५४ सालींच स्थापिलें होतें. वेबची करामत वेगळी. घरें आधीं विकावीं व करमणुकीच्या सोयी मागाहून, जमल्यास, कराव्या ही धंद्याची रीत त्यानें उलटी फिरविली. १ जानेवारी १९६० रोजीं नगर उघडलें तेव्हां नमुन्याचीं घरें पांचच होतीं. परंतु गोल्फचें मैदान, पोहण्याचा तलाव व दुकानें तयार होतीं. पहिल्या तीन दिवसांत सुमारें १ लक्ष माणसें पाहावयास लोटलीं.

याचें कारण उघड आहे. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यामुळें व महायुद्धानंतर कारखान्यांनीं दिलेल्या निवृत्तिवेतनांमुळें एक नवीच पिढी निपजली होती. हातीं थोडा पैसा, प्रकृति धड, आणि सकाळीं उठून जावयाचें कोठें हें मात्र ठाऊक नाहीं! सन सिटीनें तिला सोबती दिले. सुतारकाम, मातीचीं भांडीं, रत्नांना पैलू पाडणें, शिवण, नृत्य, प्रत्येकाचें मंडळ निघालें. चालविणारे रहिवासीच व शिकविणारेही बहुधा तेच. १९७९ सालीं तर पंचावन्नीपुढील स्त्रियांचें एक पथक निघालें. झुबके हालवीत तें मिरवणुकींत नाचतें. आमच्याकडील एखाद्या सासूबाई हें पाहून पदर तोंडाशीं नेतील. पण दुसऱ्या दिवशीं हळूच चौकशीही करतील, असा आमचा तर्क आहे.

या आनंदाची किंमत दुसऱ्या कोणाच्या पदरीं पडली, हें सांगितल्यावांचून इतिहास पुरा होत नाहीं. घरांतील एकानें तरी ठराविक वय गांठलेलें असावें (तें पुढें ५५ ठरलें), आणि १९ वर्षांखालील कोणी तेथें कायम राहूं नये, असा नगराचा दंडक. परंतु शाळांसाठीं हा भाग जवळच्या पिओरिया गांवाशीं जोडलेला होता. १९६२ पासून पुढील बारा-तेरा वर्षांत शाळांकरितां कर्ज उभारण्याचे १७ ठराव मतदानांत पडले, व शेवटीं सन सिटीस त्या शाळाक्षेत्रांतून वगळावें लागलें. आपल्या मुलांच्या शिक्षणाचा कर आपण दुसरीकडे एकदां भरला आहे, आणि वेतन ठरीव असतां वाढता कर सोसवत नाहीं, हें वृद्धांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हे. ही माणसें कंजूषही नव्हत. १९७३ पासून शेरीफच्या हाताखालीं गस्त घालणारें स्वयंसेवक पथक त्यांनीं चालविलें, रस्त्यांची झाडलोटही फुकट केली. जें डोळ्यांपुढें होतें त्यासाठीं ते झिजले. शाळेस जाणारें पोर मात्र त्यांच्या दृष्टीस पडतच नव्हतें; आमच्या मतें दोष माणसांपेक्षां त्या दंडकाचा अधिक आहे.

यंगटाऊनमध्यें याच दंडकाची कसोटी लागली. एका दांपत्यानें आपल्या किशोरवयीन नातवास घरीं ठेवून घेतलें, गांवानें हरकत घेतली, प्रकरण वाढलें, आणि १९९८ सालीं वयाचा निर्बंधच सुटला. त्या गांवांत आतां मुलें राहतात. लगतच्या सन सिटींत निर्बंध कायम आहे. तेथें नातवंडें पाहुणीं म्हणून येतात, नेमके दिवस राहतात आणि परत जातात.