चालत्या घरातला दिवा



आमच्या अमेरिकेतल्या भाच्याने गाडीमागे ओढायचा ट्रेलर घेतलाय, हे नातेवाइकांना ठाऊक आहेच. फोटो सगळ्यांना आले आहेत. आत दोन बाकं (रात्री त्यांचाच पलंग होतो), एक ओटा, दोन खिडक्या. आता त्याला त्यात वीज बसवायची आहे. छपरावर सोलर पॅनेल, बाकाखाली बॅटरी, चार दिवे, एक पंखा आणि छोटा फ्रिज. "मामा, कुठल्याही खांबाला वायर न जोडता घर चालेल! कल्पना भारी आहे की नाही?" असं त्याने विचारलं. भारी आहेच, पण नवी मात्र नाही. स्वतःची वीज सोबत घेऊन हिंडणारी बिऱ्हाडं आम्ही खानदेशात लहानपणापासून पाहत आलो. मी इतिहास आणि मराठी शिकवणारा मास्तर, विजेतला जाणकार नव्हे. पण या गोष्टीला इतिहास आहे आणि तो आपल्या दारातून गेलेला आहे, म्हणून हा लेख.

विजेच्या आधीही उजेड गावोगाव फिरतच होता. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे चिरंजीव 1892 पासून 'शांबरिक खरोलिका' नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ करत. काचेवरची रंगीत चित्रं पडद्यावर पाडायची आणि सोबत गोष्ट सांगायची. सगळा संसार त्या कंदिलाच्या ज्योतीवर. पुढे दादासाहेब फाळके आपले चित्रपट बैलगाडीत घालून खेड्यापाड्यांत नेत. तमाशाच्या फडात आधी मशाली नि दिवट्या होत्या, मग गॅसबत्ती आली. जर्मनीत 1910 च्या सुमारास निघालेला 'पेट्रोमॅक्स' आपल्याकडे इतका रुजला, की लग्नाच्या वरातीत डोक्यावर बत्त्या घेतलेली माणसं नसतील तर वरात वाटायचीच नाही. पंप मारायचा, जाळी फुटू द्यायची नाही आणि फुर्र असा आवाज आला की समजायचं, बत्ती पेटली. असो. गॅसबत्तीवर कधीतरी वेगळं लिहीन.

चाकांवरची वीज मी पहिल्यांदा पाहिली ती रेल्वेत. चोपड्याला रेल्वे नाही. आम्हाला तापी ओलांडून अमळनेर नाहीतर धरणगाव गाठावं लागतं. लहानपणी त्या सुरत-भुसावळ मार्गावरच्या पॅसेंजरमध्ये बसलो, की एक चमत्कार दिसे. गाडी वेगात असली की डब्यातले दिवे लख्ख, आणि स्टेशनात थांबली की हळूहळू पिवळे पडत. आमचे एक काका म्हणत, "इंजिन दमलं." खरी गोष्ट वेगळी होती. त्या दिव्यांचा इंजिनाशी थेट संबंधच नव्हता. प्रत्येक डब्याखाली एक डायनॅमो टांगलेला असे. चाकाच्या आसावरून पट्टा त्याच्यावर घेतलेला, आणि शेजारी पेटीत बॅटऱ्या. चाक फिरलं की वीज तयार, तीच बॅटरीत साठायची, आणि थांबल्यावर बॅटरीवर दिवे. म्हणजे आगगाडीचा प्रत्येक डबा हा भाच्याचा ट्रेलरच म्हणा ना!

हे एका दिवसात जमलं नाही. शिसं-आम्लाची, परत परत भरता येणारी बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी 1859 मध्ये केली. 1881 मध्ये कामीय फोर यांनी तिच्या पट्ट्यांवर लेप देऊन ती जास्त कामाची केली, आणि त्याच वर्षी इंग्लंडात लंडन-ब्रायटन मार्गावर एका पुलमन डब्यात विजेचे दिवे लागले. पण त्या बॅटऱ्या डब्यात भरता येत नव्हत्या, मुक्कामी पोचल्यावर भराव्या लागत. मोबाइलसारखंच. चाकावर डायनॅमो चढवायचा तर अडचण अशी, की गाडी कधी हळू, कधी जोरात, कधी उलटी. वेगाबरोबर विजेचा दाब वाढला तर दिवे जळून जाणार. 1890 च्या दशकात लंडनच्या स्टोन कंपनीने यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडतो. डायनॅमो असा सैल टांगायचा, की ठराविक वेगानंतर पट्टा घसरू लागेल आणि डायनॅमोचा वेग वाढणारच नाही. आज भाचा जो 'चार्ज कंट्रोलर' विकत घेतोय, त्याचं निम्मं काम तेव्हा एका घसरणाऱ्या पट्ट्याने केलं. आपल्याकडेही साध्या डब्यांतून हीच पद्धत कितीतरी वर्षं चालली. पुढे 110 व्होल्टची झाली आणि डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आले, एवढंच.

आता आमच्या तंबूकडे येतो. वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, घोड्यांच्या बाजारासाठी गाजलेली. अशा यात्रांतून टुरिंग टॉकीज यायचं. लॉरीतून तंबू, खांब, पडदा, प्रोजेक्टर, फिल्मचे डबे आणि सगळ्यात जड असं इंजिन. मी पहिला सिनेमा 1960 च्या आसपास अशाच तंबूत पाहिला. वाळूवर बसून, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. सिनेमातलं फारसं आठवत नाही. आठवतो तो तंबूबाहेर टांगलेला बल्ब. आमच्या गावात तेव्हा वीज नव्हती. कितीतरी लोक नुसते त्या बल्बखाली उभे राहायला यायचे, तिकीट न काढता.

एवढं मोठं इंजिन का लागे, हे मला खूप उशिरा, एका ऑपरेटरने समजावलं. प्रोजेक्टरमध्ये साधा बल्ब नसे. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये ठिणगीची कमान पेटवत, आणि तिचा प्रखर उजेड भिंगातून पडद्यावर जाई. या कमानीला एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे डीसी प्रवाह लागे, आणि तोही चाळीस-पन्नास अँपिअर. कांड्या जळून आखूड होत, म्हणून ऑपरेटर सारखा त्यांना पुढे सरकवत असे. बॅटरीच्या जिवावर तीन तास हे चालणं शक्य नव्हतं. म्हणून डिझेल इंजिन, त्याच्यावर पट्टा, पट्ट्यावर डायनॅमो, आणि थंडाव्यासाठी शेजारी पाण्याचं पिंप. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी 1946 ची. विहिरीवर पाणी उपसणारी तसली इंजिनं पुढे गावोगाव झाली, त्यामुळे तंबूचं इंजिन बिघडलं तरी दुरुस्त करणारा मिस्त्री कुठेही भेटायचा. इंजिन तंबूपासून लांब ठेवत. आवाज हे एक कारण, धूर दुसरं आणि आग तिसरं. 1950 पर्यंतच्या फिल्म नायट्रेटच्या असत, क्षणात पेट घेणाऱ्या.

तमाशाचे फडही पुढे जनरेटरवर आले. दसऱ्याला बाहेर पडायचं ते पार वैशाखापर्यंत घराकडे फिरकायचं नाही. शंभर-शंभर माणसांचं बिऱ्हाड लॉऱ्यांतून या गावाहून त्या गावाला. रंगमंचावर झगमगाट, माइक, रंगीत दिवे. आणि पाठीमागच्या राहुट्यांत? तिथे चूल आणि घासलेटची चिमणी. खेळ सुरू असेपर्यंत एखादा बल्ब मागेही लोंबकळायचा, पण खेळ संपला की पहिलं काम इंजिन बंद करणं, कारण डिझेल फडमालकाच्या खिशातून जायचं. यात कुणाला दोष द्यायचा नाही. हिशेबच तसा होता. वीज तिकिटावर चालायची.

ही गोष्ट मला एका मुलाने शिकवली. 1978 किंवा 79 साल असेल. मी शिक्षक होतो त्या गावाला जत्रेचा तंबू लागला होता. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा दोन दिवस शाळेच्या ओट्यावर येऊन बसला. बाप तंबूच्या इंजिनावर कामाला. हजेरीत नाव नाही, तरी मी त्याला वर्गात घेतलं. पाढे तोंडपाठ होते, लिहिणं कच्चं होतं. चार ओळी शुद्धलेखन लिहून आण म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी वही कोरी. म्हणाला, "रात्री दिवा नसतो, गुरुजी." मी म्हटलं, "अरे, सगळ्या गावात नाही एवढा उजेड तुमच्याकडे असतो!" तो सहज म्हणाला, "तो तंबूचा."

चार दिवसांनी तंबू हलला. पोरगं कुठे गेलं, कळायला मार्ग नव्हता.

विजेचा इतिहास म्हणून जे काही वाचलं, त्यात धरणं, कारखाने, शहरं, खांब, मंडळाची स्थापना असं सगळं असतं. ते बरोबरच आहे. पण आमच्याकडच्या किती तरी म्हाताऱ्यांनी आयुष्यातला पहिला विजेचा दिवा पाहिला तो खांबावर नव्हे, लॉरीतून आलेला. आणि ज्यांनी तो आणला, त्यांच्या घरात तो नव्हता. हे दोन्ही कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

घरासाठी वीज ही वाट वेगळीकडून आली, मोटारीतून. 1912 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला आणि मोटारीला बॅटरी नि डायनॅमोची जोडी कायमची चिकटली. 1936 मध्ये वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचा 'क्लिपर' नावाचा ट्रेलर निघाला. त्यात स्वतःची पाण्याची टाकी होती आणि विजेचे दिवे होते. पण गाडीच्या बॅटरीवर रात्रभर दिवे जाळले की सकाळी गाडी ढकलायची वेळ येते, हे आपले लॉरीवालेही सांगतील. गाडीची बॅटरी एक जोराचा झटका देण्यासाठी असते, तिच्या पट्ट्या पातळ. घरची बॅटरी हळूहळू, बराच वेळ देण्यासाठी, म्हणून तिच्या पट्ट्या जाड. त्यामुळे फिरत्या घरांत दुसरी, वेगळी बॅटरी आली. आपल्याकडे 2005 नंतरच्या लोडशेडिंगने हे ज्ञान घरोघर पोचवलं. डिस्टिल्ड वॉटर कधी घालायचं, हे तेव्हा आमच्या गल्लीत आज्यांनाही पाठ होतं!

राहिलं सोलर. 1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पहिला कामाचा सिलिकॉन सौर घट झाला. पडलेल्या उन्हातला सहा टक्के भागच त्यातून वीज होऊन बाहेर पडे. 1958 मध्ये तो व्हॅनगार्ड उपग्रहावर बसून अंतराळात गेला. तेही चालतं घरच, फक्त माणसाविना. आमच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात 2013 मध्ये 125 मेगावॅटचा सरकारी सौर प्रकल्प उभा राहिला, आणि तेच तंत्र आज हातात मावणाऱ्या पाटीएवढ्या पॅनेलातही मिळतं. इंजिनाला हे कधी साधलं नसतं. एक बल्ब लावायलाही अख्खं इंजिन सुरू करावं लागे.

भाच्याला मी कागदावर हिशेब करून पाठवला, तो इथेही देतो. पाच वॅटचे चार दिवे पाच तास, म्हणजे 100 वॅट-तास. 25 वॅटचा पंखा आठ तास, म्हणजे 200. मोबाइल वगैरे 50. झाले 350, म्हणजे विजेच्या बिलातलं अर्धं युनिटसुद्धा नाही. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 1200 वॅट-तास मावतात. पण शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हाती 600, आणि वजन तीसेक किलो. लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली तर जवळजवळ सगळे वापरता येतात आणि वजन निम्म्याहूनही कमी. (या जातीच्या बॅटरीवरचा 1997 चा मूळ शोधनिबंध टेक्ससमधला. गुडइनफ यांच्यासोबत त्यावर पाढी आणि नंजुंदस्वामी ही आपली नावं आहेत, हे भाच्याला आवर्जून कळवलं.) फक्त पाणी गोठेल एवढ्या थंडीत ती भरायची नाही. 100 वॅटचं पॅनेल खानदेशच्या उन्हात दिवसाला साधारण 400 वॅट-तास देईल. झाडाखाली ट्रेलर लावला तर सावली गार, पण पॅनेल उपाशी. फ्रिज एकटाच दिवसाला चार-पाचशे खाणार, म्हणून त्यासाठी पॅनेल दुप्पट हवं. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घालायचा, कारण 12 व्होल्टचा धक्का बसत नसला तरी वायर एकत्र आल्या तर आग लागते. एसीचं नाव काढू नये. एक टनाचा एसी हजार वॅटच्या आसपास ओढतो, शिशाची बॅटरी पाऊण तासही धड पुरणार नाही. आणि एसीसाठी जनरेटर घ्यायचाच असेल तर तो खिडकीपाशी लावून झोपायचं नाही. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही.

महाराष्ट्र सरकारनेही 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलं आहे. हौशी लोक हिंडतील. पण माझं लक्ष वेगळ्याच चालत्या घरांकडे जातं. दिवाळीनंतर आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, शेताच्या कडेला कोप्या पडतात. गेल्या हंगामात सकाळी फिरायला जाताना पाहिलं, चार-पाच कोप्यांच्या पाचटावर दोरीने बांधलेली छोटी पॅनेलं होती. एका बाईला विचारलं, किती दिवे चालतात? दोन, म्हणाली. एक बाहेर चुलीपाशी, एक आत. मोबाइल आधी लावला तर आतला दिवा रात्री लवकर जातो, म्हणून मोबाइल दुपारीच लावून ठेवते. पॅनेलवर धुरळा बसला की पोरगी ओल्या फडक्याने पुसते. गाव बदललं की बैलगाडीत सगळ्यात वर, गोधडीत गुंडाळून ठेवतात.

मुलीची शाळा विचारली. "चौथीत नाव हाय, गावाकडच्या शाळेत," असं म्हणून ती ऊस सोलायला वळली.