मातीचे बैल आणि धाटांच्या गाड्या

देवगिरीचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी आपोआप मोठ्या नावांकडे वळते. बाराव्या शतकात यादवांनी येथे राजधानी वसविली. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणिली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले. हे सर्व ग्रंथांतरी नमूद आहे. परंतु ह्याच किल्ल्याभोवतालच्या खेड्यांत मुलांनी स्वहस्ते जी खेळणी घडविली, त्यांची बखर कोणी लिहिली नाही. ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेत त्या चिमुकल्या कारागिरीस थोडी जागा मिळावी, म्हणून आम्ही हा अल्प प्रयत्न करीत आहो.

ह्या खेळण्यांस पैसा लागत नसे. शेताने टाकून दिलेले तेवढे पुरे होई. ज्वारीची कापणी झाली की मुले वाळलेले धाट सोलीत. आतील मऊ भेंडाचे तुकडे करून त्यांत सालीच्या काड्या टोचल्या म्हणजे जू, दांड्या आणि साटा यांसह बैलगाडी उभी राही. पोळा जवळ आला की ओढ्याकाठची चिकणमाती आणून बैल करावयाचे. मुली चिंध्यांच्या बाहुल्या करून त्यांची लग्ने लावीत. पावसाळ्यात उगवलेली आंब्याची कोय फोडून आतील गर दगडावर घासला की त्याची पिपाणी होई. बाजारात बसून पावा वाजविणाऱ्या मुलांचा दाखला प्रभू येशूने दिला आहे. ती मुले आम्हांस परकी वाटत नाहीत, ती ह्याचमुळे.

मातीच्या खेळण्याची लाज वाटणे हेही नवे नव्हे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकात चारुदत्ताचा मुलगा मातीची गाडी नको, शेजाऱ्याच्या मुलासारखी सोन्याची हवी, म्हणून रडतो. आणि वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते. देवलांनी हे नाटक मराठीत आणिले, तेव्हापासून ते आपल्या घरचेच झाले आहे.

पुढे काळ पालटला. ज्वारीच्या रानांत कापूस व मका आला, दावणीचे बैल कमी झाले, ट्रॅक्टर आला, आणि आठवडी बाजारात प्लॅस्टिकची मोटार स्वस्त मिळू लागली. ह्यात कोणास दोष द्यावा? परंतु एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ही विद्या शाळेत किंवा आईबापांकडून मिळत नसे. दहा वर्षांचा मुलगा ती सहा वर्षांच्या भावास शिकवी. म्हणून एक पिढी चुकली की साखळी तुटते, आणि मग ती जोडणार तरी कोण?

आमच्या मते ती जोडण्याचे स्थान आपल्याजवळच आहे. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळची गव्हाण मांडिली, तेव्हा तेथे खरा बैल, खरे गाढव आणि खरे गवत होते; गावात जे होते, तेच त्याने प्रभूपुढे ठेविले. आपणही तसेच करू या. येत्या नाताळात मंदिरातील गव्हाणीसाठी बाजारची जनावरे आणू नयेत. आजोबांनी नातवंडांस जवळ बसवावे, ओढ्याची माती, ज्वारीची धाटे आणि डोळ्यांसाठी सीताफळाच्या काळ्या बिया पुढे घ्याव्यात. बैल वाकडा झाला तरी चालेल. नाझरेथच्या सुताराच्या घरी वाढलेल्या बालकास हाताने केलेल्या वस्तूचे मोल सांगावे लागणार नाही.