थोरपणीची धुळाक्षरे

लहान मुलास शाळेत घालता येते. थोर माणसास घालता येत नाही, त्याने आपल्या पायांनी यावे लागते. ह्या एका भेदात प्रौढशिक्षणाचा बहुतेक इतिहास सामावला आहे, असे आम्हांस वाटते. मुलाच्या मागे आईबाप असतात, पंतोजींचा धाक असतो, आणि पुढे नोकरीची आशा असते. प्रौढाच्या मागे संसार असतो, दिवसभराचा शीण असतो, आणि चारचौघांत चुकलो तर हसे होईल ही भीती असते. असे असूनही महाराष्ट्रात असंख्य स्त्रीपुरुषांनी उतारवयात धुळाक्षरे गिरविली आहेत. ती त्यांनी कशासाठी गिरविली, आणि त्यांतील पुष्कळांनी हाती घेतलेली पाटी पुन्हा खाली का ठेविली, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी पुण्यामुंबईकडे वळण्यापूर्वी आम्ही वाचकांस चाकूरच्या मुलखात नेऊ इच्छितो.

चाकूर हे गाव लातूरहून अहमदपूरमार्गे नांदेडास जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आज ते लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. परंतु लातूर जिल्हाच मुळी १९८२ सालचा. त्यापूर्वी हा मुलूख उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात मोडत असे. आणि त्याच्याही आधी, १९५६ पर्यंत, अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्याकडे होते. ह्या प्रदेशात घरी मराठी, बाजारात मराठीबरोबर कानडी, आणि कचेरीत उर्दू अशी भाषांची वाटणी होती. निजामाच्या दरबारातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात फारसी गेली व तिच्या जागी उर्दू आली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठेविले. देशी भाषेत उच्च विद्या शिकविण्याचा तो प्रयोग धाडसाचा होता हे कोणीही मान्य करील; मात्र मराठी, तेलुगू व कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेस ती देशी भाषाही परकीच होती.

ह्याचा परिणाम काय झाला तो नीट पाहिला पाहिजे. इतर ठिकाणी निरक्षर आणि साक्षर असे दोनच वर्ग असतात. येथे तिसरा एक वर्ग होता: मराठी वाचता येणारा, पण कचेरीच्या दाराशी निरक्षर ठरणारा. गावचे दप्तर मोडीत, वरचे कागद उर्दूत, वर्ष फसली. ज्याच्या शेताविषयी हुकूम निघाला त्याला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे, आणि वाचणारा सांगेल तो अर्थ मानावा लागे. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानात साक्षरांचे प्रमाण शंभरांत दहांहूनही कमी भरले. ह्या आकड्यामागे आळस नव्हता. जी अक्षरे शिकून आपला कागद आपल्याला वाचता येणार नाही, ती शिकण्यात कुणब्याने रात्री का घालवाव्यात, हा प्रश्न त्यामागे होता.

तथापि ह्याच काळात ह्याच लोकांत शिकण्याची दुसरी एक वाट चालू होती. ती पोथीची. वारकऱ्यांच्या घरी ज्ञानेश्वरी, लिंगायतांच्या घरी मन्मथस्वामींचे ‘परमरहस्य’, आणि गावोगावच्या देवळांतून भजनी मंडळे. ज्याला अक्षर येत नसे तो ऐकून पाठ करी. शेकडो ओव्या मुखोद्गत असणारे अंगठाबहाद्दर मराठवाड्याने पुष्कळ पाहिले आहेत. त्यांस अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांतील कोणाला पारायणास स्वतः बसण्याची इच्छा झाली म्हणजे तो एखाद्या जाणत्याच्या शेजारी बसे, आणि पाठ असलेली ओवी बोटाने पानावर शोधी. अर्थ आधी, अक्षर मागून, असा हा क्रम होता. पुढे शिक्षणशास्त्रज्ञांनी प्रौढांसाठी जो क्रम योग्य ठरविला, तो देवळाच्या ओवरीत फार पूर्वीपासून चालत आला होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. ह्या राजकीय घटनांचे वर्णन अनेकांनी केले आहे. त्यांच्या पोटात घडलेल्या एका शांत घटनेकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. उर्दूत शिकलेले वकील, कारकून, पटवारी आणि शिक्षक ह्यांना चाळिशीपन्नाशीत आपली विद्या पुन्हा नव्याने मांडावी लागली. मातृभाषा मराठी खरी. परंतु तीत अर्ज कसा लिहावा, निकालपत्र कसे वाचावे, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीस राज्यकारभारात स्थान दिले, तेव्हा तर ही गरज अधिकच पक्की झाली. काल जो कागद वाचून दाखवीत असे तो आज दुसऱ्यास विचारू लागला. प्रौढशिक्षण म्हणजे गरीब अडाण्यांसाठी चालविलेला धर्मार्थ उद्योग, अशी सुशिक्षितांची समजूत असते. मराठवाड्याच्या अनुभवाने ती खोटी ठरविली आहे. काळ बदलला म्हणजे विद्वानासही धुळाक्षरांपाशी यावे लागते.

भाषा आणि प्रौढांचे शिक्षण ह्यांचे हे नाते केवळ आमच्याकडचे नव्हे. डेन्मार्क देशात ग्रुंटविग नावाच्या धर्मोपदेशकाच्या विचारांवरून तरुण शेतकऱ्यांसाठी पहिले लोकविद्यालय १८४४ साली निघाले, ते रोडिंग ह्या गावी, श्लेस्विग प्रांतात. म्हणजे जेथे डॅनिश बोलणाऱ्या शेतकऱ्यांवर जर्मन भाषेचे दडपण होते नेमके तेथे. ग्रुंटविगच्या कल्पनेतील विद्यालयास परीक्षा नव्हती व पदवीही नव्हती. आपल्या भाषेत आपला इतिहास ऐकावा आणि मोकळेपणे बोलावे, एवढ्यासाठी शेतकऱ्याची मुले हिवाळाभर तेथे राहात. पदवीच्या लोभावाचून माणूस शिकत नाही म्हणणाऱ्यांनी ह्या उदाहरणाचा विचार करावा.

पण काळाने भाग पाडल्यामुळे शिकणे ही झाली एक तऱ्हा. ज्यांस कोणी भाग पाडले नव्हते, उलट अडविलेच होते, त्यांचे काय? त्यासाठी थोडे मागे जाऊन पुण्याकडे वळावे लागते. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८५५ साली मजूर व शेतकरी ह्यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. दिवसाची मजुरी बुडू न देता विद्या देण्याची ही युक्ती साधी होती. परंतु तिच्यात शिकणाऱ्याच्या पोटाचा व वेळेचा जो आदर होता तो पुढच्या पुष्कळ योजनांत राहिला नाही. पार्वतीबाई आठवले ह्यांची गोष्ट ह्याहून निराळी. १८७० साली जन्मलेल्या ह्या कोकणातील बाईंना ऐन विशीत वैधव्य आले. मेहुणे धोंडो केशव कर्वे ह्यांच्या संस्थेत त्या शिकल्या, तिच्यासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या, सभांतून बोलल्या. इंग्रजी आले तर हे काम अधिक होईल म्हणून १९१८ साली, पन्नाशी जवळ आली असता, त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे परक्यांच्या घरी घरकाम करीत ती भाषा शिकल्या. शिकण्याने पार्वतीबाईंना काम दिले, आणि त्या कामाने पुन्हा शिकण्याची गरज उत्पन्न केली. प्रौढाचे शिकणे टिकते ते ह्याच चक्रावर, असे आम्हांस वाटते.

हे चक्र सुटले म्हणजे काय होते ते सातारा जिल्ह्याच्या उदाहरणावरून कळते. १९५९ साली तेथे ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, आणि १९६१ पासून ती महाराष्ट्रभर पसरली. तिची कल्पकता अशी की, तिने एकेका माणसास न हाक मारता सबंध गावास हाक मारली. देवळात, चावडीत, ओसरीवर वर्ग भरत. शाळामास्तर शिकवीत, शिकलेली पोरे आपल्या वडीलधाऱ्यांस शिकवीत. आणि सारा गाव साक्षर झाला म्हणजे ग्रामगौरवाचा समारंभ होई. आपल्यामुळे गावाचा गौरव अडू नये ह्या भावनेने म्हातारेही पाटी घेऊन बसले. एकट्याची लाज साऱ्यांच्या अभिमानात बुडवून टाकण्याचा हा उपाय खरोखर मोठा होता. परंतु समारंभ झाला, तोरणे उतरली, आणि पुढे वाचावयाला घरात काही नव्हते. काही महिन्यांत शिकलेले अक्षर वापरावाचून पुसले जाते. पुष्कळांचे तसेच झाले. १९७८ साली देशाने पाच वर्षांत १० कोटी प्रौढांस साक्षर करण्याचा संकल्प सोडला, तो पुरा झाला नाही. १९८८ साली साक्षरता अभियान नव्याने उभारावे लागले. उत्साहाने माणूस वर्गाच्या दारापर्यंत येतो. आत बसून राहण्यास त्याला रोजचे काही कारण लागते.

असे कारण लातूरच्या मुलखास मिळाले, परंतु ते फार मोठी किंमत घेऊन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गाडली गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीने जड झालेले माळवद, अशी ती घरे होती. पुढे शासनाने घरे दुरुस्त व मजबूत करण्याचे जे काम हाती घेतले, त्यात प्रेमा गोपालन ह्यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ह्या संस्थेमार्फत गावोगावच्या बायकांस संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले. त्यांतील कित्येकींचे शाळेतील शिक्षण बेताचेच होते. आता त्यांना माळवदावरची माती किती कमी करावी, भिंतीचे दोन थर सांधणारा आरपार दगड कोठे बसवावा, अनुदानाचा हप्ता केव्हा मिळतो, हे समजून घ्यावे लागले आणि शेजारणीस समजावून सांगावे लागले. गवंड्याशी बोलणे, अधिकाऱ्यास जाब विचारणे, कागद वाचणे, हे सारे त्या ओघाने शिकल्या. त्यांस कोणी ‘शिका’ म्हणून उपदेश केला नव्हता. पुन्हा छप्पर अंगावर पडू नये एवढीच त्यांची प्रेरणा होती. आणि २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा ह्या भागातील बायका तेथील बायकांस आपला अनुभव सांगावयास गेल्या. शिकणारी शिकविणारी झाली. प्रौढाच्या शिक्षणाची परीक्षा घ्यावयाचीच असेल, तर ह्याहून चांगली परीक्षा आम्हांस सुचत नाही.

ह्या उदाहरणांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. प्रौढ माणूस अक्षराच्या मोहाने शिकत नाही. ज्या दाराशी आपण अडलो ते दार उघडावे म्हणून शिकतो. कोणाचे ते दार कचेरीचे असते, कोणाचे पोथीचे, कोणाचे स्वतःच्या घराचे. ठाणे जिल्ह्यातील फांगणे गावी २०१६ साली निघालेल्या आजीबाईंच्या शाळेत साठी उलटलेल्या बायका गुलाबी लुगडी नेसून पाटीदप्तर घेऊन बसल्या, त्या काही नोकरीसाठी नव्हेत. अलीकडे २०२३ साली मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी व उर्दू वाचणारांची गरज एकाएकी पुढे आली. ज्या लिप्या आम्ही टाकून दिल्या होत्या त्यांच्यापाशीच आमचे अडले.

२०११ च्या जनगणनेनुसार लातूर जिल्ह्यात साक्षरांचे प्रमाण शंभरांत ७७ होते. १९५१ च्या मानाने ही मजल फार मोठी आहे. उरलेल्यांत बायका अधिक होत्या. २०२२ साली सुरू झालेल्या नव भारत साक्षरता कार्यक्रमाचे वर्ग अशांसाठीच योजलेले आहेत. ह्या वर्गांत किती नावे नोंदली गेली हे विचारले जाईल, आणि ते विचारलेही पाहिजे. परंतु वाचकांनी आपल्या घरीही एक प्रश्न विचारावा. आपल्या घरातील आजी किंवा घरी काम करणारी बाई सही करावयास शिकली, तर त्यानंतर तिला वाचावयास आपण काय देणार आहोत, आणि तिने वाचून काय सांगितले तर ते ऐकून घेणार आहोत काय? ज्या घरात ह्या प्रश्नाचे उत्तर आहे, तेथे तिची पाटी खाली ठेविली जाणार नाही.