अर्ध्या शहाण्याचे दप्तर

दिवाळी आठ दिवसांवर आली की घरोघर माळे उपसले जातात. फुटका आकाशकंदील, बिनकानाची कढई, आजोबांच्या वेळची पंचांगे यांच्याबरोबर कधी एखादे फडक्यात बांधलेले गाठोडेही खाली येते. गाठ सोडून पाहावे तो आत पिवळे पडलेले मोडी कागद! घरात मोडी वाचणारे कोणी उरलेले नसते. मग ते गाठोडे पुन्हा माळ्यावर तरी जाते, नाहीतर रद्दीवाल्याच्या तागडीत. त्या तागडीत किती इतिहास गेला याचा हिशेब आता कोण देणार? पण जो वाचला तो कसा वाचला, ही हकीकत सांगता येते. आणि आम्हा नागपूरकरांनी तर ती मुद्दाम ऐकावी अशी आहे.

पेशवाईतले साडेतीन शहाणे वाचकांना ठाऊक आहेतच. सखारामबापू बोकील, निजामाकडचे विठ्ठल सुंदर आणि आमच्या भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे हे तिघे पुरे शहाणे. नाना फडणीस मात्र अर्धेच. कारण त्यांच्या अकलेला तलवारीची जोड नव्हती, असे म्हणतात. पण या अर्ध्या शहाण्याने एक काम पुऱ्या शहाणपणाचे केले. त्यांनी आलेला कागद जपून ठेवला.

याची किंमत नागपूरचे पुढे काय झाले ते पाहिले म्हणजे कळते. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीने १८५४ साली राज्य खालसा केले. राजवाड्यातले जडजवाहीर लिलावात निघाले. १८६४ साली महालातला तो भव्य वाडाही आगीत भस्मसात झाला. ज्या घराण्याची अशी वाताहत झाली, त्याच्या कारभाराची अखंड हकीकत शोधायला जावे तरी कुठे?

याचे उत्तर साधे आहे. पत्र लिहिणाऱ्याच्या घरी राहत नाही. ज्याला धाडले त्याच्या घरी राहते. नागपूर दरबारच्या बातम्या पुण्यास नानांकडे जात. नाना १८०० साली वारले, पण वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीच्या त्यांच्या वाड्यात कागद राहिले. पुढे दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी ते दप्तर मिळवले आणि अखेर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. त्यातली नागपूरविषयीची मराठी पत्रे त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी निवडून १९५४ आणि १९५९ साली दोन खंडांत छापली. नागपूरची गोष्ट अशी कृष्णाकाठाहून परत आली!

कागद मिळवणे हे वाटते तितके सोपे नसते. इतिहासाचार्य राजवाडे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ गोळा करीत गावोगाव हिंडले. पहिला खंड १८९८ साली निघाला. एकूण बावीस निघाले. अशा संशोधकाला पुष्कळ दारांतून नकार मिळे, आणि त्याला कारणही होते. मुंबई इलाख्यात १८५२ पासून इनाम कमिशनने घरोघरच्या सनदा तपासायला मागितल्या आणि कित्येकांची इनामे गेली. ‘कागद दाखवला की जमीन जाते’ ही धास्ती मग पुढल्या पिढ्यांत मुरली. म्हणून दप्तर मिळवणाऱ्याला आधी घरधन्याचा विश्वास मिळवावा लागतो. दप्तर हाती आल्यावर तो प्रथम टिपून ठेवतो, की ते कोणाकडून आले, केव्हा आले आणि कोणता कागद कोणत्या रुमालात होता. रुमालातला क्रम तो मोडीत नाही. एका पत्राचा अर्थ पुष्कळदा त्याच्या शेजारच्या पत्रात असतो.

कागदाला जमिनीचे मोल असले म्हणजे खोटा कागदही जन्माला येतो. तेव्हा प्रत्येक सनद खरी मानून चालत नाही. शिक्का त्या धन्याचा आहे काय, मायना त्या काळचा आहे काय, शेवटी मोर्तब आहे काय, हे एकेक पाहावे लागते. कागद उजेडासमोर धरतात. शिवकाळातले म्हणून आणलेल्या पत्रात एकोणिसाव्या शतकातल्या विलायती गिरणीची पाणखूण दिसली, तर पुढे वाचायचे कारणच उरत नाही.

खरी कसोटी तारखेची. जुन्या पत्रांवर बहुधा ‘छ १२ रमजान’ एवढेच असते, साल नसते. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून रमजान महिना सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि सुमारे तेहतीस वर्षांनी त्याच ऋतूत परत येतो. पत्रात नद्यांना पूर आल्याची तक्रार असेल, तर मोजकीच वर्षे उरतात. त्यातच साबाजी भोसले हयात असल्याचा उल्लेख आला, तर पत्र २६ जानेवारी १७७५ च्या अलीकडचे नव्हे हे ठरले; कारण त्या दिवशी नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी पडले. जिथे सुहूर सन दिलेला असतो तिथे तो अरबी आकड्यांत असतो. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, असे ११७३. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७२ येते. नव्या इंग्रजी सालातले महिने असले तर ६०० मिळवायचे.

कधी कागदाची साक्ष खुद्द जमीन देते. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक ताम्रपट गेल्या शतकाच्या आरंभी एका तांबटाकडे सापडला. तो पुणे ताम्रपट म्हणून ओळखला जातो; पण दिला गेला नंदिवर्धनाहून, म्हणजे आपल्या रामटेकजवळच्या नगरधनहून. ही राणी गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, हे त्या पत्र्यांमुळे कळले. आणि अलीकडे नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राच हाती आली. लेख पुण्याकडे, मुद्रा नगरधनला. दोघांनी सुमारे सोळाशे वर्षांनी एकमेकांची ओळख पटवली.

कागद खरा ठरला तरी त्याचे वैरी संपत नाहीत. नागपूरचा उन्हाळा कागदाला पापडासारखा कडक करतो, पावसाळा त्याला ओल देतो, आणि उरलेले काम वाळवी व कसर पुरे करतात. मराठी दप्तरातली काजळाची शाई उजेडाला दाद देत नाही, पण पाणी लागले की पसरते. म्हणून जाणता माणूस जुना कागद ओल्या फडक्याने पुसत नाही. मऊ कुंचल्याने धूळ झाडतो. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद पिठाच्या खळीने लावतो. ती खळ पुढे कोणाला सोडवता येते. चिकटपट्टी मात्र काही वर्षांत तपकिरी होते आणि अक्षरे घेऊन सुटते. हल्ली कागदांची छायाचित्रे काढून यंत्रात साठवतात. त्यामुळे मूळ कागदाची हाताळणी वाचते. पण पाणखूण, शाई आणि घड्या पाहायला मूळच लागते.

आता पुन्हा आपल्या माळ्याकडे वळू. त्या गाठोड्यात राजेरजवाड्यांची पत्रे असतील असे नाही. लग्नातल्या आहेराची यादी असेल, दुष्काळातल्या धान्याचा भाव असेल, विहिरीच्या वाट्याचा करार असेल. पण राजाचे दप्तर निदान दुसऱ्या दरबारात तरी सापडते. गरिबाच्या विहिरीचा करार दुसरीकडे कुठे सापडणार?

म्हणून यंदा ते गाठोडे खाली आले तर उन्हात टाकू नका आणि वाटून घेऊ नका. जसे आहे तसे कोऱ्या धुतल्या कापडात बांधा. ते कोणाचे आणि घरात कसे आले, हे आजीला विचारून एका चिठ्ठीवर लिहून वर ठेवा. मग मोडी जाणणारा माणूस शोधा, किंवा राज्याच्या पुराभिलेख खात्याच्या नागपूर कार्यालयात चौकशी करा. लक्ष्मीपूजनाला आपण नव्या वह्यांना हळदकुंकू वाहतो. ती चिठ्ठी लिहायला तोच दिवस बरा. आजीही त्या दिवशी सगळ्यांमध्ये बसलेली असते.