जुना रेंजफाइंडर कॅमेरा : खरेदी आणि देखभाल

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. स्टँड लावून छायाचित्रे घ्यायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. त्यामुळे अंधूक उजेडात, हातात धरून, स्थिरपणे छायाचित्र टिपता येईल असा कॅमेरा ही छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील छायाचित्रकारांची जुनीच गरज आहे. मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची 1844 मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. पुढे त्यांनी कॅमेराही हाती घेतला, आणि त्यांची लेण्यांची छायाचित्रे 1864 मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गिल यांच्या बहुतेक रंगीत प्रतिकृती जळून गेल्या. छायाचित्रे मात्र उरली. त्या काळी काचेच्या पट्ट्या, रसायने आणि जड साहित्य लेण्यांपर्यंत वाहून न्यावे लागे. खिशात मावेल असा कॅमेरा यायला आणखी सहा दशके जावी लागली.

जर्मनीतील वेट्झलार येथे ऑस्कर बार्नाक यांनी घडविलेला लायका 1925 मध्ये बाजारात आला. 1932 मध्ये लायका आणि कॉन्टॅक्स या दोन्ही कॅमेऱ्यांत भिंगाशी जोडलेला अंतरमापक, म्हणजेच रेंजफाइंडर, बसविण्यात आला. 1959 च्या निकॉन एफनंतर व्यावसायिक छायाचित्रकार आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यांकडे वळले. तरी रेंजफाइंडरची मागणी संपली नाही. आज फिल्मकडे नव्याने वळलेली तरुण मंडळी हे कॅमेरे शोधत आहेत. मात्र अनेकदा चकाकते रूप पाहून खरेदी होते आणि पहिल्याच रोलनंतर कॅमेरा कपाटात जातो. हे टाळायचे तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी : जुन्या कॅमेऱ्याची खरी किंमत म्हणजे खरेदीची रक्कम अधिक दुरुस्तीचा खर्च.

रचना समजून घ्या

या कॅमेऱ्याच्या दर्शनी भागावर दोन खिडक्या असतात. एकीतून दृश्य सरळ दिसते. दुसरीतून आलेली प्रतिमा अर्धपारदर्शक आरशावरून त्याच दृश्यावर पडते. भिंग फिरवले की दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की फोकस साधला. एसएलआरप्रमाणे आरसा वर उचलला जात नसल्याने धक्का कमी बसतो, आवाजही कमी होतो, आणि एक पंधरांश सेकंदाइतक्या संथ गतीलाही सरावलेल्या हाताने छायाचित्र घेता येते. दोन खिडक्यांमधील अंतर जितके जास्त, तितके मोजमाप अचूक. 1954 च्या लायका एम 3 मध्ये हे अंतर सुमारे 68 मिलिमीटर आहे.

मराठी घरांत जुना कॅमेरा म्हणून बहुधा आगफा क्लिक 3 निघतो. बडोद्याला तयार झालेला हा कॅमेरा जिव्हाळ्याचा असला तरी रेंजफाइंडर नव्हे. त्याची फिल्मही वेगळी, 120 आकाराची असते.

निवड कशी करावी

नवशिक्याने जपानी स्थिर भिंगाच्या कॅमेऱ्यांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. 1972 चा कॅनोनेट क्यूएल 17 जी 3 यांत्रिक शटरचा आहे. बॅटरी संपली तरी प्रकाशाचा अंदाज घेऊन तो वापरता येतो. याशिका इलेक्ट्रो 35 ही 1966 पासूनची मालिका. तिचे भिंग उत्तम आहे, परंतु शटर इलेक्ट्रॉनिक असल्याने बॅटरीविना ते केवळ एका ठरावीक वेगाने चालते. शिवाय त्यात एक लहान रबरी गादी असते, ती कालांतराने विरघळते. फिल्म पुढे सरकवताना आतून हलका 'ठक्' असा आवाज आला नाही, तर ती गादी गेली असे समजावे.

सोव्हिएत बनावटीचे झोर्की व फेड तुलनेने स्वस्त असतात आणि त्यांची भिंगे बदलता येतात. झोर्की 4 मध्ये शटरचा वेग फिल्म सरकवल्यानंतरच बदलावा. आधी बदलल्यास यंत्रणा मोडू शकते. याच कॅमेऱ्यांवर लायकाचे नाव कोरून ते विकण्याचे प्रकार जगभर चालतात. भिंग काढल्यावर आतला अंतरमापकाचा दांडा पाहावा. अस्सल जुन्या लायकात त्याच्या टोकाला गोल चाक असते. सोव्हिएत नकलेत बहुधा चपटी, पाचरीसारखी जीभ असते.

परदेशातून मागविताना टपाल खर्च व सीमाशुल्क धरूनच किमतीचा विचार करावा. विक्रेत्याच्या 'तपासलेला नाही' या शब्दांचा अर्थ बहुधा 'चालत नाही' असाच घ्यावा.

हातात घेतल्यावर काय पाहावे

पहिली तपासणी अंतरमापकाची. भिंग अनंत अंतरावर ठेवून दूरवरची उभी कड पाहावी. किलोमीटरभर अंतरावरून दिसणारा बीबी का मकबऱ्याचा मिनार यासाठी उत्तम. रात्री चंद्रही चालेल. दोन प्रतिमा आडव्या दिशेने जुळत नसतील तर समायोजन लागेल; एक वर आणि एक खाली दिसत असेल तर काम अधिक नाजूक आहे. दुसरी प्रतिमा अगदीच पुसट असेल तर आरशाचा चंदेरी लेप उडाला असावा. असा कॅमेरा शक्यतो घेऊ नये.

दुसरी तपासणी शटरची. एक सेकंदाचा वेग लावून यंत्राची घरघर ऐकावी. मध्येच अडखळल्यास आतील वंगण सुकले आहे. पडद्याचे शटर असेल तर भिंग काढून मागून विजेरीचा प्रकाश टाकावा आणि कापडाला सूक्ष्म छिद्रे आहेत का ते पाहावे. पाकळ्यांच्या शटरवर तेल पसरले असेल तर त्या चिकटतात.

तिसरी तपासणी भिंगाची. विजेरी धरून आरपार पाहिल्यास बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, धुरकट थर किंवा काचांची जोडणी सुटल्याच्या कडा दिसतात. किरकोळ ओरखड्याने छायाचित्र फारसे बिघडत नाही. बुरशी व धूसरपणा मात्र बिघडवतात.

मागचे झाकण उघडून काळा स्पंजही तपासावा. तो चिकट झाला असेल तर प्रकाश आत शिरतो. हा दोष स्वस्तात दूर होतो, म्हणून तेवढ्यावरून चांगला कॅमेरा नाकारू नये.

दुरुस्ती

संपूर्ण सर्व्हिसिंगमध्ये जुने वंगण काढून नवे घालणे, शटरचे वेग मोजून सुधारणे, अंतरमापकाच्या काचा स्वच्छ करणे आणि प्रतिमा जुळविणे ही कामे येतात. अशा कॅमेऱ्यांचे जाणकार कारागीर आता थोडे उरले आहेत. मुंबईतील फोर्टचा बोरा बाजार परिसर कॅमेऱ्यांच्या व्यवसायासाठी ओळखला जातो. तिथे कॅमेरा शक्यतो स्वतः घेऊन जावा. काम देण्यापूर्वी खर्चाचा अंदाज आणि हमीची मुदत लेखी घ्यावी. दुरुस्तीआधीचे व नंतरचे शटरवेग मोजून द्यावेत, अशी विनंती करावी. चांगला कारागीर त्याचे वाईट मानत नाही.

घरी करण्याजोगी कामे मोजकी : बाहेरची सफाई, स्पंज बदलणे, आणि बॅटरीच्या कप्प्यातील गंज व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसणे. शटरमध्ये तेलाचा फवारा कधीही मारू नये. अंतरमापकाचा अर्धपारदर्शक आरसाही पुसू नये. हात लागताच लेप निघतो आणि तो पुन्हा बसवणे कठीण असते. बऱ्याच प्रकाशमापकांसाठी 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या लागत. पर्यावरणाच्या कारणास्तव त्यांचे उत्पादन थांबले आहे. श्रवणयंत्रातील झिंक-एअर बॅटरी त्याऐवजी बऱ्यापैकी चालते.

मराठवाड्याचे हवामान

मराठवाड्यातील उन्हाळ्यात तापमान 40 अंशांपलीकडे जाते. बंद मोटारीत ठेवलेल्या कॅमेऱ्याचे वंगण पातळ होऊन पाकळ्यांवर उतरते. रेंजफाइंडरमध्ये भिंग आणि पडदा यांच्यात आरसा नसल्याने भिंगातून एकवटलेले ऊन कापडी पडद्याला भोक पाडू शकते. म्हणून वापर नसताना भिंगावर झाकण हवेच. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवू नये. चामडे ओल धरते आणि बुरशीला आमंत्रण देते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून ती वेळोवेळी वाळवावी. महिन्यातून एकदा सर्व वेगांवर शटर चालवावे.

दुरुस्तीनंतरचा पहिला रोल परीक्षेचा समजावा. प्रत्येक छायाचित्राचे अंतर, छिद्रमान व वेग वहीत लिहावे, जवळचे व दूरचे विषय घ्यावेत, आणि निगेटिव्ह त्या नोंदींशी ताडून पाहावे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म इतिहासजमा झाल्याने आता आयात फिल्मच वापरावी लागते. तेव्हा चाचणीचा रोलही विचारपूर्वक खर्चावा.

आजोबांचा कॅमेरा घरात असेल तर नव्या खरेदीआधी तोच तपासून घ्यावा. सत्तर वर्षांपूर्वीचे यांत्रिक शटर आजही नीट चालू शकते. मात्र त्यासाठी ते जाणणारा कारागीर असावा लागतो. ही विद्या बहुतांशी हाताखाली शिकूनच पुढे जाते. कपाटात पडून राहिलेला कॅमेरा बिघडतोच, शिवाय तो दुरुस्त करणाऱ्याचे कामही कमी होत जाते. वापरला आणि वेळेवर दुरुस्तीला दिला, तर कॅमेरा टिकतो आणि त्याबरोबर ती कारागिरीही.