वांझ अंड्यांची गोष्ट

कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी घालते, याचं आपल्याला काहीच वाटत नाही. लातूर-नांदेडच्या कुठल्याही दुकानातल्या ट्रेमध्ये पोल्ट्रीची अंडी तशीच तर असतात. 1942 साली पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात या अंड्यांबद्दल त्यांचं म्हणणं सरळ होतं: यातून पिल्लू निघतच नाही, मग ज्याला दूध चालतं त्याला हेही चालायला हरकत नाही.

सरड्याच्या जातीचा प्राणी हेच करतो तेव्हा मात्र लोक दचकतात. माझ्याकडे लातूरला एक हिरवी इग्वाना आहे. तिने कधी नर पाहिलेला नाही, तरी ती दरवर्षी अंडी घालते. शेजाऱ्यांना यात अपशकुन दिसतो, ऑफिसातल्या मित्रांना चमत्कार.

चमत्काराला थोडा आधार आहे म्हणा. 1958 साली इल्या दारेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने दाखवलं, की आर्मेनियातल्या काही खडकाळ सरड्यांमध्ये नर नसतानाही पिल्लं जन्मतात. 2006 मध्ये इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात फ्लोरा नावाच्या कोमोडो ड्रॅगनने नराशिवाय 25 अंडी घातली आणि त्यातल्या काहींमधून पिल्लं बाहेर आली. कोमोडो म्हणजे आपल्या घोरपडीच्याच कुळातला. (घोरपड घरात ठेवायचा विचारही करू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती संरक्षित आहे.)

इग्वानाची अशी अंडी मात्र साधारणपणे रिकामीच निघतात. त्यांना वांझ अंडी म्हणतात. नांदेडच्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "लेकरा, अंडी तर घालायलीय की ती. मग वांझ कशाची?" मला तो शब्द तेव्हापासून खटकतो. आपल्याकडे तो अंड्यांपेक्षा बायांना जास्त लावला गेलाय.

शिवाय पिल्लू निघो न निघो, आईच्या अंगातून जायचं ते जातंच. इग्वाना एका खेपेला 20 ते 70 अंडी घालते. आहारातून कॅल्शियम मिळालं नाही, तर शरीर ते हाडांतून ओढून घेतं. जबडा मऊ पडतो, पाय थरथरतात. नुसतं कॅल्शियम देऊनही भागत नाही. ते पचायला अतिनील किरण लागतात आणि खिडकीची काच तेच अडवते. लातूरच्या कडक उन्हात राहूनही म्हणून मला वेगळा दिवा लावावा लागतो. पालक टाळतो, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. आणि उकरायला ओलसर माती हवीच. जागा पटली नाही तर मादी अंडी पोटातच धरून ठेवते. ती अडकली तर जीव जातो.

परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ती मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांसाठी उभी राहिली, आणि आपल्या कोरडवाहू भागाची गरजही तीच होती.

कायदाही हळूहळूच इथवर आला. 2020 मध्ये केंद्राने असे विदेशी प्राणी स्वतःहून जाहीर करायला सांगितलं, 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी आली. पिल्लं झाली तर तेही कळवायचं असतं. रिकाम्या अंड्यांसाठी रकाना नाही.

यंदा तिने तीन आठवडे जवळजवळ काही खाल्लं नाही. मग दोन दिवस माती उकरली आणि 34 अंडी घातली. तिसऱ्या दिवशी जास्वंदीची पानं खाल्ली.